मानसोपचाराच्या निवासी डॉक्टरांसाठी माध्यम-साक्षरता कार्यशाळा: जरूर बोलवा, फक्त दिवस वाढवून मागा

मी खानदेशातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक आहे. ओपीडीत माझं टेबल निवासी डॉक्टरांच्या शेजारीच असतं. पेशंट आधी त्यांच्याशी बोलतो. मग नातेवाईक माझ्यासमोर येऊन बसतात आणि तिकडे सांगायचं राहून गेलेलं इथे सांगतात. गेली काही वर्षं त्या सांगण्यात मोबाइल हमखास असतो. "व्हॉट्सॲपवर आलं होतं मॅडम, या गोळ्यांनी किडनी जाते, म्हणून बंद केल्या." "रीलमध्ये दाखवलेली सगळी लक्षणं हिच्यात आहेत." "तो म्हणतो, टीव्हीवाले माझ्याबद्दलच बोलतात."

एमडीच्या तीन वर्षांत आमची मुलं औषधांचे डोस आणि निदानाचे निकष घोकून घोकून पाठ करतात. जर्नल क्लबमध्ये शोधनिबंधाची पार चिरफाड करतात. पण पेशंट ज्या बातमीवर किंवा व्हिडिओवर विसंबून गोळी सोडतो, तो मजकूर कुठून येतो, कोण लिहितं, मथळा कोण देतं, तो नेमका याच्याच फोनवर का येतो, हे त्यांना कुणी शिकवत नाही. म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी ही दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली. मी दोन्ही दिवस पूर्णवेळ बसले. दुसऱ्या कॉलेजांतून 'कशी होती, बोलवू का' अशी विचारणा होते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

घेणारे दोघं. एक सर, मराठी दैनिकात बरीच वर्षं वृत्तसंपादक होते. दुसऱ्या मॅडम, स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, खासगी प्रॅक्टिस करतात. या कार्यशाळेचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ही जोडी. एकटा पत्रकार आला असता तर डॉक्टरांनी मान डोलावून सोडून दिलं असतं. एकट्या डॉक्टर आल्या असत्या तर माध्यमांना दोष देण्यात दोन दिवस गेले असते. इथे दोघं एकमेकांना भर वर्गात अडवत होते, त्यामुळे मुलं जागी राहिली.

पहिल्या सकाळचं सत्र सगळ्यात कसदार होतं. मॅडम स्वतः पेशंट झाल्या. बावीस-तेवीस वर्षांचा तरुण, झोप कमी, चिडचिड, आणि तक्रार एकच: "मी मित्राशी बुलेट घ्यायचं बोललो, संध्याकाळी फोनवर बुलेटची जाहिरात. फोन माझं ऐकतो. कधीकधी नुसतं मनात आलं तरी दिसतं." समोर बसलेल्या जेआर-वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, दोन-तीन प्रश्न विचारले आणि एमएसईच्या (मानसिक स्थितीच्या तपासणीच्या) कागदावर 'थॉट ब्रॉडकास्टिंग?' असं लिहून टाकलं, म्हणजे 'माझ्या मनातलं बाहेर सगळ्यांना कळतं' असं वाटण्याचं गंभीर आजारातलं लक्षण.

सरांनी तिथेच थांबवलं आणि त्याला स्वतःचा फोन काढायला सांगितला. गूगलच्या सेटिंगमध्ये 'माय ॲड सेंटर' नावाचं पान असतं, ते उघडायला लावलं. गूगलने त्याचं वय, शिक्षण, लग्न झालंय की नाही, याचे अंदाज तिथे मांडून ठेवलेले होते. खाली विषयांची यादी. भाड्याचे फ्लॅट, स्पर्धा परीक्षा, मोटारसायकली. तो मुलगा ते स्क्रीनकडे बघून वाचत गेला आणि वर्ग शांत झाला. मग सरांनी फळ्यावर मांडून दाखवलं: आपण काय शोधलं, कुठे फिरलो, कोणत्या व्हिडिओवर किती वेळ रेंगाळलो, एकाच वायफायवर आणखी कोणाचे फोन आहेत, यातून असा अंदाज कसा बांधला जातो. मनातलं वाचल्यासारखं वाटावं इतका तो अचूक निघू शकतो, आणि जे अंदाज चुकतात ते आपल्या लक्षातही राहत नाहीत.

त्यानंतर मॅडम पुन्हा पेशंट झाल्या, पण दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी. पहिल्यात तो म्हणाला, "आमच्यासारख्या पोरांना या कंपन्या बरोबर हेरतात." दुसऱ्यात आवाज खाली आणून म्हणाला, "ही जाहिरात फक्त मला पाठवली आहे. गाडीचा लाल रंग म्हणजे आज घराबाहेर पडू नको." त्याच जेआर-वनला पुन्हा बोलायला बसवलं. या वेळी त्याने विचारलं: कोण पाठवतं असं वाटतं? तुम्हालाच का? किती खात्री आहे? कुणी वेगळं कारण दाखवलं तर पटेल का? त्यामुळे तुम्ही काय करायचं बंद केलंत? शेवटच्या प्रश्नावर 'पेशंट' म्हणाला की तो कामावर जात नाही आणि फोन पिठाच्या डब्यात ठेवतो. निदानाचा रस्ता तिथून उघडला.

मला हे सत्र इतकं महत्त्वाचं का वाटतं ते सांगते. माझ्या टेबलावर दोन्ही बाजूंनी होणारं नुकसान मी बघत आलेय. खरा आजार 'मोबाइल कमी कर रे बाबा' म्हणून घरी पाठवला जातो, आणि त्याच आठवड्यात जाहिरातींना वैतागलेल्या साध्या माणसाच्या कागदावर नको ते लिहिलं जातं. जाहिरात कशी चालते हे माहीत नसलेला डॉक्टर या दोघांना वेगळं काढणार कशावरून? पुस्तकातली भ्रमाची व्याख्या पाठ असली तरी आजूबाजूचं जग कसं चालतं याचं ज्ञान लागतंच, कारण 'हे अशक्य आहे' असं आपण त्या ज्ञानाच्या जोरावर म्हणत असतो.

सत्राअखेरीस त्यांनी एक चिठ्ठी दिली. हिस्टरी घेताना विचारायचे चार साधे प्रश्न. झोपण्याआधी फोनवर काय बघता? आजाराबद्दल शेवटचं काय वाचलं किंवा ऐकलं, आणि ते कुणी पाठवलं? त्यातलं काय पटलं? त्यामुळे औषधात किंवा वागण्यात काही बदल केला का? आमच्या विभागात आता हे प्रश्न केसपेपरला जोडलेले आहेत. तिसऱ्या प्रश्नाशी नातेवाईक मोकळे होतात हा माझा अनुभव. 'का सोडली गोळी' असं विचारलं की ते गप्प बसतात. 'काय पटलं' म्हटलं की सगळं सांगतात.

दुपारी आत्महत्येच्या बातम्या. हा भाग सरांचा. त्यांनी खऱ्या मराठी बातम्यांची कात्रणं आणली होती, नावं आणि गावं काळ्या पेनाने खोडून. आधी त्यांनी बातमीचा प्रवास सांगितला. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, त्यातला तपशील तालुक्याच्या वार्ताहराला मिळतो, तो रात्री डेस्कवर पाठवतो, मथळा तिसराच माणूस देतो आणि त्याच्याकडे तेव्हा पानावर उरलेली जागा भरायची घाई असते. 'कर्जाला कंटाळून', 'परीक्षेच्या तणावातून', 'प्रेमप्रकरणातून' हे एका शब्दातलं कारण बहुतेक वेळा असंच कुणाच्या तरी पहिल्या जबाबातून येतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचं सत्य होऊन बसतं. बातमी लिहिणारा आणि मथळा देणारा वेगळा असतो, हेच आमच्यातल्या बहुतेकांना नवं होतं.

मग नियम. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली: बातमी ठळक करू नये, पुन्हा पुन्हा देऊ नये, पद्धत आणि जागा सांगू नये, सनसनाटी मथळा नको, फोटो-व्हिडिओ नको. पुढच्याच वर्षी जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांवर काय चाललं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्याच संदर्भातल्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला आणि आत्महत्येच्या वृत्तांकनाची ही तत्त्वं वाहिन्यांनीही पाळावीत असं बजावलं. शिवाय मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम २४ आहेच: उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. कलम आमच्या मुलांना परीक्षेपुरतं पाठ होतं. वार्डात कॅमेरा घेऊन कुणी आला तर ते त्याच्यापुढे ठेवायचं असतं, हे त्यांना इथे उमगलं.

नियम पाळून फरक पडतो का, असा प्रश्न एका जेआर-थ्रीने विचारला. मॅडमनी व्हिएन्नाचं उदाहरण दिलं. तिथे भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या वाढल्या होत्या आणि वृत्तपत्रं त्या रंगवून छापत होती. १९८७ मध्ये ऑस्ट्रियातल्या आत्महत्या-प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांसाठी सूचना काढल्या, वृत्तपत्रांनी त्या मानल्या, आणि भुयारी रेल्वेतले असे प्रकार लक्षणीय घटले. तिथल्याच संशोधकांनी २०१० मध्ये उलट बाजूही दाखवली: संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट नीट छापली गेली, तर त्याचा संबंध आत्महत्या कमी होण्याशी दिसतो. म्हणजे बोलूच नये असं नाही, बोलावं कसं हे शिकायचं.

शेवटी प्रत्येकाला एक कात्रण देऊन बातमी नव्याने लिहायला लावली. वीस मिनिटं. हे मला फार आवडलं. माहूरकडून आलेल्या एका मुलीने लिहिलेली बातमी सरांनी वाचून दाखवली. वय, तालुका, 'मृत्यूची चौकशी सुरू आहे', घरच्यांसाठी आणि वाचणाऱ्यांसाठी मदत कुठे मिळेल, आणि टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. बस. सर म्हणाले, डेस्कवर ही बातमी मी तशीच लावली असती. त्याच सत्रात फोनचा सरावही होता: संध्याकाळी सहाला वार्ताहराचा फोन येतो, 'डॉक्टर, जिल्ह्यात आत्महत्या वाढल्यात, दोन वाक्यं द्या.' फोन आपटायचा नाही, आणि त्या अनोळखी मृताबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. मग काय बोलायचं? धोक्याची लक्षणं, मदत कुठे मिळते, उपचाराने काय होतं. एवढं दोन वाक्यांत, सोप्या मराठीत सांगणं आमच्या मुलांना फार जड गेलं. 'डिप्रेशन', 'इम्पल्सिव्हिटी', 'रिस्क फॅक्टर' यापलीकडे शब्दच सापडत नव्हते. या सरावाला अर्धा तास ठेवला होता, खरं तर अर्धा दिवस हवा.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात डॉक्टरांनी स्वतःकडे बघण्याने झाली, आणि ती धीटपणे केली याबद्दल मला मॅडमचा आदर वाटतो. २०१७ च्या उन्हाळ्यानंतर 'ब्लू व्हेल'ची, म्हणजे मुलांना आत्महत्येकडे नेणाऱ्या कथित ऑनलाइन खेळाची, भीती पसरली. मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर ती देशभर गेली, ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने लिंक काढायचे आदेश दिले, शाळांनी पालकसभा घेतल्या. आणि वाहिन्यांवर मानसोपचारतज्ज्ञ बसून त्या खेळाचे टप्पे समजावत होते. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं की ज्या मृत्यूंचा संबंध या खेळाशी जोडला गेला, त्यांत त्याचा सहभाग तपासात आढळला नाही. मॅडमनी प्रश्न टाकला: त्या चर्चेत तुम्ही असता तर पहिलं वाक्य काय बोलला असता? बऱ्याच वेळाने एक मुलगा म्हणाला, "हा खेळ या मुलाने खेळला होता हे कशावरून कळलं, असं अँकरलाच विचारलं असतं." तेच उत्तर हवं होतं.

मग अमेरिकेतलं गोल्डवॉटर प्रकरण. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत 'फॅक्ट' नावाच्या मासिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्र पाठवून विचारलं की उमेदवार बॅरी गोल्डवॉटर मानसिकदृष्ट्या पदाला लायक आहेत का. २,४१७ जणांनी उत्तर दिलं आणि त्यातल्या १,१८९ जणांनी, त्यांना कधी न तपासता, 'नाही' म्हटलं. गोल्डवॉटर कोर्टात जिंकले. १९७३ मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने नियम केला की स्वतः तपासल्याशिवाय आणि परवानगीशिवाय कुणा सार्वजनिक व्यक्तीबद्दल व्यावसायिक मत द्यायचं नाही. २०२० मध्ये एका मृत कलाकाराचं निदान टीव्हीवर रोज रात्री चालू असताना हा नियम किती जणांना आठवला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

आकड्यांचं सत्र छोटं पण नेमकं. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नैराश्यावरच्या औषधांवर मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला. चोवीस चाचण्यांत, ४,४०० हून जास्त मुलांमध्ये, आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं साखरेची गोळी घेणाऱ्यांत शंभरात दोघांमध्ये आणि औषध घेणाऱ्यांत शंभरात चौघांमध्ये दिसलं. एकाही मुलाचा आत्महत्येने मृत्यू झाला नव्हता. याचा मथळा 'धोका दुप्पट' असाही होतो आणि 'शंभरातल्या दोघांना जास्त, म्हणून पहिले काही आठवडे लक्ष ठेवा' असाही होतो. दोन्ही खरेच. आई-बापांपुढे कोणता ठेवायचा हे डॉक्टरने ठरवायचं असतं. त्याला जोडून २०२२ च्या जुलैमधला सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावरचा शोधनिबंध आणि त्यावरच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं याला पुरावा नाही, एवढंच निबंध म्हणत होता. औषधं काम करतात की नाही हे त्याने तपासलंच नव्हतं. बातम्यांतून मात्र लोकांनी 'औषधं फुकट' असं उचललं. इथे मॅडम एक गोष्ट स्पष्ट बोलल्या: 'मेंदूतलं एक रसायन कमी पडलंय' हे सोपं वाक्य आपणच वर्षानुवर्षं पेशंटला देत आलो, मग ते खोटं ठरल्याची बातमी आली की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडणारच.

व्हॉट्सॲपच्या सत्रात राईनपाड्याचं नाव आलं तेव्हा वर्गातल्या स्थानिक मुलांच्या माना खाली गेल्या. साक्री तालुक्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्या काळात फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा तुकडा होता, शेवट कापून टाकलेला. आपल्या विभागाशी याचा संबंध सरळ आहे. रस्त्यावर भटकणारा, स्वतःशी बोलणारा, नाव-गाव न सांगू शकणारा माणूस अशा अफवेत पहिला सापडतो. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० अशा माणसाला संरक्षणात घेण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकतं, पण तोवर जमाव पोहोचलेला असतो. अफवा उठली की आमच्या विभागाने ठाण्याला आणि ग्रामपंचायतींना त्याच दिवशी फोन करायचा, हे तिथेच ठरलं. माझ्या दृष्टीने पैसे तिथेच वसूल झाले.

आता उणिवा. रीलचं सत्र सगळ्यात कच्चं. एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) टिकटॉक व्हिडिओंवरचा २०२२ चा कॅनडातला अभ्यास सांगितला, शंभर लोकप्रिय व्हिडिओंपैकी ५२ दिशाभूल करणारे होते. माहिती चांगली, पण आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद आहे. आमच्या ओपीडीत येणाऱ्या मुली इन्स्टाग्राम बघतात, पुरुष यूट्यूबवरची गावठी न्यूज पोर्टलं बघतात, आणि त्यातलं एकही उदाहरण नव्हतं. सरांचा जीव छापील वृत्तपत्रात रमतो हे जाणवत राहतं. एआयने बनवलेले नकली आवाज आणि चेहरे हा विषय जेवणानंतर अर्ध्या तासात उरकला. एखाद्या नामांकित डॉक्टरचा चेहरा लावून मधुमेहाची पावडर विकणारे व्हिडिओ आमच्या पेशंटना रोज येतात. त्यावर काय बोलायचं हे मुलांना नीट मिळालं नाही. स्लाइड्स निम्म्याहून जास्त इंग्रजीत होत्या. तोंडी सगळं मराठीत चाललं म्हणून निभावलं, पण हाती दिलेले कागद तरी मराठीत हवेत, कारण तेच पुढे नातेवाईकांपर्यंत जातात.

आणखी एक खटकलं. दोन दिवसांत ज्यांच्याबद्दल बोलत होतो त्यांच्यापैकी कुणीच बोलायला नव्हतं. आमच्या फॉलोअपला येणाऱ्या, स्वतःबद्दलची बातमी पेपरात वाचलेल्या किंवा 'वेडा' म्हणून मीममध्ये आलेल्या माणसाला, त्याची तयारी असेल तर, एक तास द्यायला हवा होता. मी हे अभिप्रायात लिहिलं, सरांनी मान्य केलं. बोलावणाऱ्या विभागाने काही गोष्टी आधीच बघाव्यात. ओपीडी आणि इमर्जन्सीची सोय सिनियर लोकांनी सांभाळावी, नाहीतर निवासी डॉक्टर फोन वाजला की उठतात आणि नेमका सराव बुडतो. वार्डातल्या सिस्टर, इंटर्न आणि समाजसेवकांनाही बसवा. व्हिडिओ दाखवून 'हे खरं का' असं पेशंट आधी सिस्टरलाच विचारतो.

मानधन आणि प्रवासखर्च सीएमईच्या (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या) तरतुदीतून दिला, विभागाला जड गेला नाही. आम्ही त्यांना दिवाळीनंतर आणखी एका दिवसासाठी बोलावलं आहे. त्यात सकाळी फक्त फोनवर बोलण्याचा सराव, आकाशवाणीच्या पाच मिनिटांच्या भाषणासकट, आणि दुपारी मुलांनी स्वतःच्या ओपीडीतून जमवलेले व्हिडिओ आणि फॉरवर्ड. त्यातले निम्मे तरी अहिराणीत असावेत असं मी जेआरना सांगून ठेवलं आहे.